नऊ महिने नागपुरात: चालायला कुठे जावं आणि सोबत कशी जमवावी?

कोथरूड_ते_धरमपेठ

नमस्कार मंडळी. कामानिमित्त नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून पुढच्या जुलैअखेरपर्यंत नागपुरात मुक्काम आहे. खोली धरमपेठेत, ऑफिस मिहानमध्ये (विमानतळाजवळचं उद्योगक्षेत्र), वेळ १० ते ६.३०. दुचाकी आणणार नाही. मेट्रो आणि पाय एवढ्यावर भागवायचं आहे. रोज पाऊण-एक तास चालायची सवय आहे, ती मोडायची नाही.

विचारायचं एवढंच:

१. रोजचं चालणं कुठे आणि किती वाजता? रविवारी थोडं लांब कुठे?

२. गावात ओळखीचं कोणी नाही. ऑफिसमधले सगळे पंचविशीतले आणि रात्री जागणारे. चालताना सोबत मिळेल अशा ओळखी इथे कशा होतात? जिममध्ये जायचं नाही.

३. जानेवारी-फेब्रुवारीत आई (वय ६३, गुडघे कुरकुरतात) दोन महिने येणार आहे. तिला दिवसभर एकटं वाटू नये.

फुटाळा तलाव सगळेच सांगतात. बाकी काय?

बहावा_रोड

आधी घड्याळ पाहा, जागा नंतर. पुण्याहून येणाऱ्याची पहिली चूक वेळेची असते. नागपूर पुण्याच्या पाच अंश पूर्वेला आहे, म्हणून इथे सूर्य वीसेक मिनिटं लवकर उगवतो, उन्हाळ्यात पंचवीस. मेअखेरीस साडेपाचला सूर्य वर आलेला असतो. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उगवायला ६.५० होतात. मावळतीचंही तसंच: नोव्हेंबर-डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला दिवस संपतो. तुमचं ऑफिस सुटेपर्यंत मिट्ट अंधार. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळ विसरा.

धरमपेठेहून मिहान म्हणजे अ‍ॅक्वा लाइनने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून ऑरेंज लाइनने खापरी, आणि पुढचा टप्पा फीडर बस किंवा ऑटोने. सव्वा तास हाताशी ठेवा. आंघोळ-नाश्ता धरला तर साडेसातला तुम्ही खोलीवर परत हवे. त्यावरून मागे मोजा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी ६.३० ला निघा, मार्चमध्ये ६, एप्रिल-मेमध्ये ५.१५. वेळ महिन्यागणिक सरकवायची, पण आठवड्याच्या मध्ये बदलायची नाही. कारण पुढे सांगतो.

रोजसाठी अंबाझरी. धरमपेठेतून पायी जाता येतं. आळस आला तर धरमपेठ कॉलेज किंवा सुभाष नगर मेट्रो स्टेशनवर उतरा. आता घोळ कुठे होतो ते ऐका. नागपूरकर 'अंबाझरीला भेटू' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात तीनपैकी एक जागा असते: तलावाची पाळ आणि विवेकानंद स्मारकाची बाजू, अंबाझरी उद्यान, किंवा वनविभागाचं जैवविविधता उद्यान. तिन्हींचे रस्ते वेगळे. कुठल्या फाटकाशी, हे विचारल्याशिवाय घरून निघू नका. जैवविविधता उद्यानाला तिकीट आहे आणि ते मोठं आहे, तिथलं चालणं रविवारचं.

हा तलाव १८७० च्या सुमारास शहराला पाणी पुरवायला बांधला. नाग नदी याच्यातूनच पुढे गावात शिरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसाने तो ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी घुसलं, तेव्हापासून पाळीच्या आणि सांडव्याच्या भागात कामं निघत असतात. एखादा तुकडा बंद दिसला तर पत्रे ओलांडून जाऊ नका, त्या दिवशी मुकाट्याने धरमपेठेतल्या आतल्या गल्ल्या चाला. गोकुळपेठ बाजाराच्या बाजूने सकाळी गेलात तर भाजीही होते.

रविवारी सिव्हिल लाइन्स आणि सेमिनरी हिल्स. जपानी गार्डनच्या बाजूला वॉकर्स स्ट्रीट आहे, नावाप्रमाणेच सकाळी फिरणाऱ्यांनी भरलेली. तिथून वर सेमिनरी हिल्सचा चढ. रुंद रस्ते, जुनी झाडं, आणि एप्रिल-मेमध्ये बहावा फुलला की पिवळे झुंबर टांगल्यासारखा रस्ता. चढ सौम्य आहे पण सलग आहे. पुण्याच्या टेकडीच्या हिशेबाने हसू नका, सिमेंटवर चढताय हे लक्षात ठेवा.

आता ओळखींचं. बाग कुठली याने काही फरक पडत नाही. तेच फाटक, तीच वेळ, दहा-बारा दिवस न चुकता, एवढं केलं की काम होतं. सकाळचे लोक चेहरा वेळेवरून ओळखतात. ६.३५ ला विवेकानंद स्मारकाशी वळणारा माणूस आठव्या दिवशी मान हलवतो, बाराव्या दिवशी 'आज उशीर?' विचारतो. तुम्ही सोमवारी ६.३०, मंगळवारी ७.१०, बुधवारी फुटाळा असं केलंत तर नऊ महिने झाले तरी परकेच राहाल. आणि दोस्ती चालताना होत नाही, ती नंतरच्या चहाच्या ठेल्यावर होते. चालताना दम लागलेला असतो आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. ठेल्यावर सगळे थांबतात. म्हणून चालणं दहा मिनिटं कमी करा, पण चहाची दहा मिनिटं ठेवा.

पहिल्याच आठवड्यात सांगून टाका की तुम्ही नऊ महिन्यांसाठी आहात. लपवून काही मिळत नाही. उलट 'पाहुणा' म्हटल्यावर लोक गाव दाखवायला स्वतःहून पुढे येतात.

तर्री_जास्त

हौ, वरचं सगळं बरोबर. फक्त चहासोबत पोहे राहिले, ते काऊन विसरले बाप्पा?

नागपूरचा सकाळचा कट्टा म्हणजे तर्री पोहे. पुण्याच्या पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर असते, इथे पोह्यांवर काळ्या चण्याचा झणझणीत रस्सा. ठेल्यावर पाहा: मोठ्या गंजात चणे खदखदत असतात, वर बोटभर लाल तेलाचा थर, आणि पोहेवाला पळी तिरपी घालून आधी चणे घेतो आणि मग तेल. नवीन माणसाने पहिल्या दिवशी 'तर्री वेगळी द्या' म्हणावं. वाटीत देतात, आपल्या हिशेबाने ओतून घ्यायची. रिकाम्या पोटी, चालून आल्या आल्या भरपूर तर्री घेतली की दहा वाजता मीटिंगमध्ये पोट बोलतं. आधी पाणी, पाच मिनिटं थांबा, मग पोहे. रोज नाही, आठवड्यातून दोनदा ठीक.

पैशाचा रिवाज: पहिले दोन-तीन दिवस आपले आपण द्या. कोणी तुमचे दिले तर हिसकाहिसकी करू नका, पुढच्या वेळी तुम्ही सगळ्यांचे द्या. रोज सगळ्यांचे देत सुटणारा माणूस लोकांना अवघड वाटतो.

भाषेचं एक. 'जाऊन राहिलो', 'करून राहिलो' ऐकून हसू नका. म्हणजे 'जातोय', 'करतोय', एवढंच. 'बे' मात्र तुम्ही कोणाला लावू नका, तो जुन्या दोस्तांत चालतो. अनोळखी माणसाला भाऊ किंवा दादा, वयस्कर असेल तर काका, बाईमाणसाला ताई किंवा काकू. आणि बाजारात 'सांभार' म्हणजे कोथिंबीर. सांबार नाही. यावरून गोंधळ हमखास होतो.

संध्याकाळचा_प्रवासी

फुटाळ्याला सगळे उगाच नावं ठेवतात. पश्चिमेकडे पाणी मोकळं आहे, सूर्यास्त तिथूनच पाहावा. शनिवार-रविवारी ऑफिस नाही, मग संध्याकाळी ५ ला पोहोचा, मावळतीपर्यंत चाला. धरमपेठेहून रविनगर, भरतनगर करत अडीच-तीन किलोमीटर, म्हणजे जाता जाताच निम्मं चालणं होतं.

बहावा_रोड

सूर्यास्तासाठी जा, चालण्यासाठी नको. रविवारी संध्याकाळी तलावाकाठी गाड्या, खाण्याचे ठेले, फोटो काढणारे, घोळके. सलग दोनशे पावलंही टाकता येत नाहीत. फुटाळ्याला चालायचंच असेल तर सकाळी जा. शनिवारी त्या बाजूला तेलंगखेडीच्या हनुमान मंदिराची गर्दी धरून चला.

धरमपेठची_काकू

तुमच्या आईंबद्दल लिहिते, कारण वरच्या मंडळींना गुडघे अजून आठवत नाहीत.

नागपुरातले बरेचसे रस्ते आता सिमेंटचे आहेत. डांबर थोडं दबतं, सिमेंट दबत नाही, प्रत्येक पावलाचा हादरा सरळ टाचेतून गुडघ्यात येतो. त्यात बऱ्याच ठिकाणी रस्ता उंच झालाय आणि कड खाली राहिलीय, चार-सहा इंचांची पायरी पडते. अंधारात पाय मुरगळतो तो तिथेच. त्यामुळे आईंसाठी बागेतली मातीची पायवाट किंवा पेव्हर ब्लॉकचा सपाट रस्ता शोधा. धरमपेठ, शंकरनगर, शिवाजीनगर या भागात वस्तीतल्या छोट्या बागा आहेत. बागेला एक फेरी किती मिनिटांची ते एकदा मोजा आणि फेऱ्यांचा हिशेब ठेवा, किलोमीटरचा नको. पहिला आठवडा १५ ते २० मिनिटं, नंतर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आखडलेला असेल तर त्या आठवड्यात वाढवायचं नाही. चालताना सलग बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त.

सेमिनरी हिल्सला आणायचं असेल तर वर चालत, खाली ऑटोने. लोक नेमकं उलटं करतात. गुडघ्याच्या वाटीवर ताण चढताना नाही, उतरताना जास्त येतो.

जानेवारीत त्यांना ७.३० च्या आधी बाहेर काढू नका. पारा दहाच्या खाली जातो, पुण्याच्या थंडीपेक्षा इथली कोरडी आणि बोचरी. कानटोपी, मोजे, आणि गुडघ्यावर पातळ लोकरी पट्टा. ऊन अंगावर येईल अशी बाजू धरा. तुम्ही साडेसहाला तुमचं चालून या आणि मग ऑफिसला निघायच्या आधी त्यांना बागेच्या फाटकापर्यंत सोडा. दोघांनी एकत्र चालायचा हट्ट धरला की दोघांचंही बिघडतं.

आता सोबत. बागेत ज्येष्ठांचा एखादा गट असतोच: हास्यक्लब, योगवर्ग, भजनाची मंडळी. पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा, गटातल्या एका काकूंशी ओळख करून द्या, आणि दुसऱ्या दिवसापासून जाऊ नका. मुलगा शेजारी उभा असला की बायका आईशी बोलत नाहीत, मुलाची चौकशी करतात.

तुमची वेळ मात्र उत्तम साधलीय. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. शेजारच्या एका घरी गेलं की तिथे चार घरांची बोलावणी मिळतात. आईंना सांगा, पुण्याहून तिळगूळ आणि वाण म्हणून पाच-पंचवीस लहान वस्तू घेऊनच या, आणि आपल्याही खोलीवर एक दिवस दहा-बारा जणींना बोलवा. घरमालकीणबाईंना आधी विचारून तारीख ठरवा, म्हणजे त्यांच्या घरच्या तारखेशी भिडणार नाही. यातून ज्या ओळखी होतील त्या दुपारी चारला घरी येणाऱ्या असतील.

दुपारसाठी वाचनालय. सीताबर्डीला, झाशी राणी चौकाजवळ विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ ची संस्था. कार्यक्रम होत असतात. झाशी राणी चौक हे मेट्रोचं स्टेशनच आहे, जिना टाळून लिफ्टने वर-खाली करता येतं.

कोथरूड_ते_धरमपेठ

बाप रे, एवढं सविस्तर. काकू, हळदीकुंकवाचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं, आईला आजच कळवतो.

दोन शंका. एक, डिसेंबरात सिव्हिल लाइन्स बंद असतं असं ऑफिसात कोणी म्हणालं, ते खरं का? दुसरी, मेमध्ये खरंच चालता येतं? इथले लोक नवतपा म्हणून घाबरवतात. आणि कुत्री?

झिरो_माइल

पहिलं आणि तिसरं मी सांगतो.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं, तेव्हाची देणगी. पूर्ण सिव्हिल लाइन्स बंद नसतं. विधानभवन, रामगिरी, रविभवन या पट्ट्यात कठडे, पोलीस, अडवलेली वळणं. झिरो माइल आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटच्या बाजूला दुपारी मोर्चे थांबवलेले. सकाळी साडेसहाला पायी माणसाला सहसा कोणी अडवत नाही, पण ओळखपत्र खिशात ठेवा आणि बंदोबस्ताचे फोटो काढत बसू नका. अधिवेशनाची तारीख पेपरात आली की तेवढे दिवस ऑटोच्या भरवशावर राहू नका, मेट्रो धरा.

तसाच दुसरा दिवस विजयादशमीचा. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराच्या स्मरणार्थ लाखो लोक येतात. तुम्ही तेव्हा नसाल, पण एरवी एखाद्या सकाळी तिथे जरूर जा. लक्ष्मीनगर-बजाजनगरकडून चालत पोहोचता येतं आणि स्तूपाभोवती शांत फेरी होते.

कुत्री: पहाट होण्याआधी गल्लीतली टोळी जागी असते. धावायचं नाही, पाठ फिरवायची नाही, डोळ्यात पाहायचं नाही. हळू चालत रस्त्याची बाजू बदलायची. हातात काठी चालेल, पण उगारायची नाही. चाललात त्याच वेळेला, त्याच रस्त्याने, तर कुत्रीही ओळखायला लागतात. पहिले आठ दिवस मोठ्या रस्त्याने जा. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना, हळद-मिरची काही नाही.

पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. चार जण सोबत असाल तर दोन-दोन. गप्पांच्या नादात चौघं आडवे झाले की समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला रस्त्याच्या मधूनच जावं लागतं.

उन्हाळी_डेस्क

मेचं मी सांगतो. चालता येतं, पण तासाचा हिशेब मिनिटांत करावा लागतो.

सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो तिथून, म्हणजे साधारण २५ मेपासून, नऊ दिवस नवतपा मानतात. पण उष्णतेची लाट कॅलेंडर पाहून येत नाही, नागपूरचा ४७.९ अंशांचा उच्चांक २३ मे २०१३ चा आहे, नवतपा लागायच्याही आधीचा. मार्चअखेरीपासूनच सावध.

५.१५ ला बाहेर, ६.१५ ला घरात. सातनंतरचं ऊन चटका देतं. संध्याकाळी सूर्य मावळला म्हणजे गारवा आला असं समजू नका. सिमेंटचा रस्ता आणि भिंती दिवसभर तापलेल्या असतात, रात्री आठ-नऊपर्यंत ती धग खालून वर येत राहते. म्हणून मेमध्ये संध्याकाळचं चालणं तलावाकाठी किंवा मातीवर, किंवा नाहीच.

निघायच्या आधी मोठा ग्लासभर पाणी, सोबत अर्धा लिटरची बाटली. पाठ भिजेपर्यंत घाम आला तर परत आल्यावर नुसतं पाणी पुरत नाही. घरचं मिश्रण: १ लिटर पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. जास्त झालं तर उलटा त्रास. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि पुन्हा करा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरला विचारून. कैरीचं पन्हं उत्तमच, पण त्यात गूळ किती घालताय ते पाहा.

दुपट्टा. इथे पुरुषही डोक्या-कानाला सुती दुपट्टा गुंडाळतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कान उघडे राहिले की झळ तिथूनच लागते असं इथे म्हणतात. खरं काम तो डोकं आणि मान झाकण्याचं करतो. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पायात गोळे आले की सावलीत बसा, मानेला ओलं फडकं लावा, त्या दिवशीचं चालणं संपलं. माणूस बरळायला लागला किंवा अंग भाजून निघालंय असं हाताला लागलं तर वाट पाहायची नाही, अंगावर पाणी टाकत रुग्णालय गाठायचं, १०८ ला फोन.

या दिवसांत सोबत सगळ्यात जास्त लागते आणि नेमके याच दिवसांत गट फुटतात. निम्मे लोक गावी जातात, उरलेल्यांच्या वेळा सरकतात. मार्चमध्येच ठरवून टाका की १ एप्रिलपासून आपण कितीला. ठेलेवाल्यालाही सांगून ठेवा, तो तुमच्यासाठी शेगडी लवकर पेटवेल की नाही ते आधी कळतं.

जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि मग काळ्या मातीची मजा. ओली काळी माती बुटाला धरते, दर पावलाला थर वाढतो, वीस पावलांत पाय एकेक किलोचा होतो आणि टाच घसरते. पावसाळ्यात मातीची पायवाट सोडून सिमेंटवर या, म्हणजे हिवाळ्याच्या सल्ल्याच्या बरोबर उलट. विजा कडकडत असतील तर तलावाची पाळ आणि एकटं झाड दोन्ही टाळा.

वारकरी_मोजणारा

ओळखींसाठी आणखी एक दार: पक्षी. हिवाळ्यात अंबाझरीवर सकाळी सातच्या सुमारास पाळीच्या कडेला दुर्बीण घेऊन चार-दोन लोक उभे दिसतात. त्यांच्याजवळ जाऊन एवढंच विचारा, 'आज काय दिसलं?' यापेक्षा जास्त काही लागत नाही. काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पाण्यावर पाय आपटत धावत उठतात, ते आधी ओळखायला शिका. मग टिबुकली: डोळ्यांदेखत बुडते आणि भलतीकडेच वर येते. नवशिक्याला ती 'दुसरी' वाटते. हे दोन जमले की तलवार बदक, थापट्या वगैरे पाहुणे वेगळे काढता येतात. दुर्बीण ८ x ४२ ची पुरे. जास्त मोठी घेतली तर हात थरथरतो आणि चित्र नाचतं.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना. दोन्हीत नवख्यांना घेतात. एकाने मोजायचं आणि एकाने लिहायचं असं काम वाटलेलं असतं, तुम्ही लिहायचं काम मागून घ्या. मोजणाऱ्याला दर मिनिटाला तुमच्याशी बोलावंच लागतं.

गोरेवाडा सुचवणारे भेटतील. तलाव सुंदर आहे, शहराला पाणीही देतो, पण मागच्या जंगलात बिबटे आहेत. परवानगीच्या वाटेबाहेर, पहाटे, एकट्याने नाही. प्राणिसंग्रहालय गाडीतून पाहायचं आहे, ते चालण्यात धरू नका.

महाल_गल्ली

सगळे पश्चिम नागपुरातच फिरून राहिले. गाव तर इकडे आहे.

एका रविवारी सकाळी सहा-साडेसहाला कॉटन मार्केट मेट्रो स्टेशनवर उतरा. तिथून गांधीसागर, ज्याला जुने लोक शुक्रवारी तलाव म्हणतात. एक बाजू धरून चाला, रमण विज्ञान केंद्र लागेल. पुढे गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातला. आत महाल: चिटणीस पार्क, बडकस चौक, कल्याणेश्वराचं मंदिर, भोसल्यांचा वाडा, रुक्मिणी मंदिर. १७०२ मध्ये देवगडच्या बख्त बुलंद शहाने बारा खेडी जोडून हे गाव वसवलं. गल्ल्या अशा का वळतात ते चालल्याशिवाय कळत नाही. थांबत थांबत दीड-दोन तास धरा. नऊनंतर इतवारी-महालात हातगाड्या आणि दुचाकी एवढ्या होतात की खांदा तिरपा करून चालावं लागतं, म्हणून नऊच्या आत आटपा.

सीताबर्डीचा किल्ला एरवी लष्कराकडे असतो. २६ जानेवारीला लोकांसाठी उघडतात, तुमच्या आई तेव्हा असतीलच. ओळखपत्र न्या, लवकर रांगेत लागा, चढ आहे. १८१७ ची भोसले-इंग्रज लढाई याच टेकड्यांवर झाली. गटातल्या दोघा-तिघांना सोबत घ्या; वर्षानुवर्षं नागपुरात राहून किल्ल्यावर न गेलेले पुष्कळ आहेत, पाहुण्याने नेलं तर येतात.

लांबची एक वारी रामटेकची. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर, एसटी मिळते. अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी गडमंदिर चढायचं. वानरं भरपूर, खाण्याची पिशवी हातात दिसू देऊ नका, सॅकमध्ये आणि चेन लावून. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास यात्रा असते, चालण्यासाठी ते दिवस सोडा. सोबत आईंचे गुडघे असतील तर वरपर्यंत गाडीरस्ताही आहे.

हिवाळ्यात कोणी पानगे-वांग्याच्या पार्टीला शेतावर बोलावलं तर नाही म्हणू नका. गोवऱ्यांवर कणकेचे गोळे भाजायला दीड-दोन तास लागतात आणि तेवढा वेळ सगळे नुसते बसून बोलतात. वर्गणी विचारून आधीच द्या. तूप आपण नेलं तर कोणाला जड वाटत नाही.

कोथरूड_ते_धरमपेठ

नोंदी करून घेतल्या: सोम ते शुक्र अंबाझरी ६.३०, विवेकानंद स्मारकाची बाजू. रविवारी आलटून पालटून सिव्हिल लाइन्स आणि महाल. ३ नोव्हेंबरपासून सुरू. जुलैअखेरीस निघेन, मारबतीची मिरवणूक चुकेल असं दिसतंय.

तर्री_जास्त

चुकेल तर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि त्याच दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, ते ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या एका दिवसासाठी परत या, तोवर ठेल्यावरचे लोक ओळखीचे असतील, उभं राहायला जागा धरतील. पहाटेच निघा, इतवारी-महालात गाडी शिरत नाही. मेट्रोने या, पायात जुन्या चपला घाला.

धरमपेठची_काकू

आणि आईंच्या सामानात गुडघ्याचा पट्टा दोन जोड टाका. एक धुवायला गेला की दुसरा लागतो, इथे थंडीत सावलीतला कपडा लवकर वाळत नाही.